शेहेचाळीस किलो

माय, बाबांना सध्या कशाचीच चव लागत नाही. हे तुला आधी सांगायला हवं, कारण आपल्या घरात चव सांगायचं काम त्यांचं होतं. तू चुलीपुढून म्हणायचीस, "हात करा बरं समोर," आणि ते हातातलं जाळं मांडीवर ठेवून तळवा पुढे करायचे. तू पळीतले दोन थेंब त्यांच्या तळव्यावर टाकायचीस. ते चाटायचे, क्षणभर छपराकडे बघायचे आणि सांगायचे, "मीठ पाह्यजे थोडं," नाहीतर, "उतरव आता." सहावीत असताना मी एका मैत्रिणीकडे गेले होते, तिथे तिच्या आईने स्वतःच पळीतून कालवण चाखलं. ती बाई हावरट आहे, असं मला वाटलं. प्रत्येक घरात बाप चाखतो, अशी माझी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांची पाठ दुखायला लागली. आयुष्यभर जाळं ओढलं त्याचं दुखणं असेल, असं आम्ही धरून चाललो. ते हाडांच्या आतल्या मज्जेच्या कर्करोगाचं निघालं. आधी औषधं झाली आणि या वर्षी नागपूरला मूळपेशींचं प्रत्यारोपण. त्यांच्याच रक्तातल्या पेशी काढून गोठवून ठेवल्या, मग एक जालीम औषध देऊन आतली मज्जा रिकामी केली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेशी शिरेतून परत दिल्या. औषध चालू असताना त्यांना सतत बर्फ चघळायला लावला होता. तोंड गार राहिलं की तिथे औषध कमी पोचतं आणि फोड कमी येतात. बाबा नर्सला म्हणाले, "जन्मभर मासोळी बर्फात ठेवली, बाई. आता मलेच ठेवून राह्यल्या तुम्ही." पेशी परत देताना खोलीभर एक वास पसरला, लसणाचा आणि उकडलेल्या मक्याचा. पेशी ज्या द्रवात गोठवतात, त्याचा तो वास. तो रुग्णाच्या श्वासातून येतो. नर्सने आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं, तरी बाबांनी मान वळवून विचारलं, "फोडनी कोन देऊन राह्यलं?" त्यांनी बरोबर ओळखलेला तो शेवटचा वास. आठवड्याभराने त्यांना वास येईनासा झाला आणि चव बिघडली.

चव परत येते, असं डॉक्टर म्हणाले. बहुतेकांची दोन-तीन महिन्यांत येते, काहींची जास्त वेळ घेते, तारीख सांगता येत नाही. तोवर वजन सांभाळा. घरी सोडताना बाबा एकोणपन्नास किलोचे होते, आजाराआधी अठ्ठावन्नचे. कागदावर डॉक्टरांनी लाल पेनने लिहिलं, शेहेचाळीसच्या खाली गेलं तर भरती करून नाकातून नळी घालायची आणि नळीतून अन्न द्यायचं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तशी नळी होती. बाबा रोज त्याच्याकडे बघायचे आणि माझ्याकडे बघणं टाळायचे. निघायच्या दिवशी गाडीत बसल्यावर एकच वाक्य बोलले. "वेसन घालतेत, पोरी, बैलाले घालतेत तशी."

तू गेलीस तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, त्यामुळे मी काय काम करते ते तुला माहीत नाही. मी चंद्रपूरला कोळशाच्या प्रयोगशाळेत आहे. खाणीतून आलेल्या नमुन्यातला एक ग्रॅम कोळसा छोट्या भांड्यात घालून भट्टीत जाळायचा आणि उरलेली राख तोलायची. काटा दशांश चिन्हानंतर चार घरांपर्यंत दाखवतो. नमुना तोलायच्या आधी भांडं रिकामं आणि कोरडं आहे ना, हे बघायचं, ही पहिली पायरी. नव्या मुलींना मी हेच पहिल्यांदा शिकवते. तेव्हा बाबांना माझ्या दोन खोल्यांत आणल्यावर मी रजा टाकली, वजनाचा काटा विकत आणला आणि भिंतीवर एक तक्ता लावला. रोज सकाळी सात वाजता, पाणी प्यायच्या आधी, तोच पायजमा, तोच सदरा. अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा, अठ्ठेचाळीस पूर्णांक एक, सत्तेचाळीस पूर्णांक पाच. तक्त्यावरची रेघ सरळ खाली चालली होती, आणि येत्या गुरुवारी तपासणी होती.

मी सगळं करून पाहिलं. "पानी लोखंडावानी लागते," म्हणाले म्हणून स्टीलचे पेले उचलून काचेचे आणले, लाकडी चमचा आणला. शिरा केला तर कडू लागला. भात तोंडात धरून बसायचे आणि म्हणायचे, "ओला कागद आहे." फोडणीचा धूर पुढच्या खोलीत आला की त्यांना उमासे यायचे. त्यांना वास कळत नव्हता, तरी काहीतरी कळत होतं, आणि जे कळत होतं ते चुकीचं होतं. बाहेरचं बंद, कच्चं बंद, दही बंद, दोन तासांपूर्वी शिजवलेलं बंद. मी हे नियम काटेकोर पाळते. तू असतीस तर म्हणाली असतीस, ही पोरगी आजारी माणसाला पण परीक्षेला बसवते.

मग मी एक चूक केली. मला वाटलं, तुझ्या हातचा मरळीचा रस्सा केला तर त्यांना आठवेल, आणि आठवलं की चार घास जातील. तू कधी काही मोजलं नाहीस. मी आठवून आठवून सगळं ग्रॅममध्ये मांडलं. सकाळी ताजी मरळ आणवली. अंबाडीची पानं घातली, लसूण ठेचला, वाटला नाही, मिरची चुलीऐवजी गॅसवर भाजली. शिजल्यावर मी बाबांपुढे गेले आणि म्हटलं, "हात करा बरं समोर." त्यांनी तळवा पुढे केला. मी दोन थेंब टाकले. त्यांनी चाटलं, छताकडे बघितलं. मी थांबले. त्यांनी दुसऱ्या हाताने तळवा पुसला आणि म्हणाले, "घेऊन जा."

"काऊन? सगळं तेच घातलं मी. मायचंच आहे."

"असन."

"मंग?"

"मायचं आहे म्हनूनच घेऊन जा म्हनतो. भात कागद लागला तं लागू दे. हे कागद लागलं तं माह्यापाशी काय राह्यते?"

तो रस्सा मी एकटीने खाल्ला. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या गावाहून आली. मार्कंड्याहून दोन एस.टी. बदलून, डोक्यावर पिशवी. मी तिला उंबऱ्याबाहेर खुर्ची दिली आणि तोंडाला बांधायला मास्क दिला. तिने तो हनुवटीवर अडकवला आणि भावाला लांबून न्याहाळलं. "सुकटीवानी करून ठेवली माह्या भावाची," ती मला म्हणाली. "खाऊ घालून राह्यली का उन्हात वाळत घालून राह्यली?"

"डॉक्टरनं सांगितलं तेच देते, आत्या."

"डॉक्टरच्या मायनं जन्मात झिंगे पाह्यले का?"

बाबा हसले. कित्येक दिवसांनी. त्यांनी तिच्याकडून काहीतरी मागवलं होतं. जुन्या फेकजाळ्याच्या कडेचे शिशाचे मणी. हात रिकामे राहिले की डोकं फिरतं, नवा दोरा घेऊन ओवत बसतो, असं ते मला म्हणाले होते, आणि जाळं आणायचं नाही, फक्त मणी, धुऊन, अशी परवानगी मी दिली होती. मी ते साबणाच्या पाण्यात धुतले. साठ मणी होते. सवयीने एक तोलून बघितला, वीस ग्रॅम. शिसं आहे, ओवून झालं की हात धुवायचे, असं बजावलं आणि मणी एका गोल स्टीलच्या डब्यात घालून त्यांच्या उशाशी ठेवले. डबा तोच. कोणता ते पुढे सांगते.

त्या शुक्रवारी वजन शेहेचाळीस पूर्णांक चार होतं. शनिवारी सत्तेचाळीस पूर्णांक एक. रविवारी सत्तेचाळीस पूर्णांक तीन. दोन दिवसांत मिळून त्यांच्या पोटात अर्धा वाडगा पेज आणि दोन उकडलेली अंडी गेली होती. त्यातून नऊशे ग्रॅम तयार होत नाहीत. मी काट्यावर पाच किलोची कणकेची पिशवी ठेवून पाहिली. काट्याने पाच दाखवले. पायांना सूज आहे का, म्हणून घोटे दाबले. नव्हती. "उभे राहा एक मिनिट," मी म्हटलं आणि सदऱ्यावरून त्यांच्या कमरेला हात लावला.

करदोड्यात मणी ओवलेले होते. साठच्या साठ. जाळ्याच्या काठाला घालतात तशीच गाठ, तसंच अंतर, हाडांवर टोचू नये म्हणून आतून जुन्या धोतराची पट्टी. काम सुबक होतं.

"हे काय आहे?"

"मनी."

"दिसते मले मनी आहेत. काऊन?"

"नाकात नळी नाई घालू देत मी."

"डॉक्टरले खोटं वजन दाखवून काय होनार आहे, बाबा? जीव शिशावर राह्यते का?"

ते खाटेवर बसले. करदोडा सोडायलाही त्यांना दम लागत होता. "जेवाले कोनी बोलावत नाई मले या घरात," ते म्हणाले. "तोलालेच बोलावते."

मणी सोडवून डब्यात परत टाकल्यावर काट्याने शेहेचाळीस पूर्णांक एक दाखवलं. मी ते तक्त्यावर लिहिलं आणि आधीचे दोन आकडे खोडले. माझी पाठ त्यांच्याकडे होती तेव्हा ते मागून म्हणाले, "एवढं तोलते, एवढं मोजते. सोबत राहून राहून तुह्या मायले नाई पकडू शकली."

"म्हणजे?"

"तिले वास येत नोता."

मी वळले.

"तू सा महिन्याची होती. पंधरा दिवस ताप होता तिले. ताप गेला, वासबी गेला. मंग कधीच नाई आला."

"मला कोणी सांगितलं नाही."

"कोनालेच नाई सांगितलं. मासोळी विकनारीले वास येत नाई म्हनलं तं तिच्यापासून मासोळी कोन घेईन? बाजारात बाया टपलेल्याच होत्या. म्हनून चाखाचं काम माह्याकडे. मीठ तं तिलेच जास्त कळे, मी उगाच मीठ मीठ करो. लसून जळला का, मासोळी उतरली का, तेल जुनं झालं का, ते सांगाले ठेवलं होतं मले." ते थांबले. "तुह्या डोक्याले नाक लावे आन मले विचारे, कसा वास येते हिचा? मी म्हनो, माशावानी. तं चिडे."

माय, त्या दुपारी मी स्वयंपाकघरात बसून सगळं पुन्हा तपासलं. बाजारात बाकीच्या बाया माशाचा कल्ला उघडून नाकाशी न्यायच्या. तू अंगठ्याने पोट दाबायचीस आणि खड्डा भरून येतो का ते बघायचीस. मी ते शेकडो वेळा बघितलंय. तुझा अंगठा एवढा हुशार का आहे, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मी दहा वर्षांची असताना रॉकेलची शिशी तेलाच्या शिशीशेजारी ठेवली आणि तू भाजीत रॉकेल घातलंस. बाबांनी तळव्यावरचा थेंब तोंडाशी नेला आणि झटकून टाकला. तू मला जी थप्पड मारलीस, त्याने माझ्या कानात संध्याकाळपर्यंत आवाज होत होता. एवढ्याशा चुकीला एवढं, हे मी वीस वर्षं तुझ्या नावावर धरून ठेवलं. ती चूक एवढीशी नव्हती. त्या घरात शिश्या कुठे ठेवतात, यावर आपण तिघंही जगत होतो, आणि ते तुम्हा दोघांनाच माहीत होतं.

आणि डबा. नागपूरच्या होस्टेलवर असताना तू झिंग्याची चटणी भरून पाठवलेला हा गोल डबा. झाकण उघडल्याबरोबर खोलीतल्या दोघी नाक दाबून बाहेर गेल्या. मी चटणी कचऱ्यात ओतली, खाली जाऊन तुला फोन केला आणि म्हटलं, "अख्ख्या मजल्यावर वास पसरला. असं काही पाठवताना तुले वास येत नाई का?" तू म्हणालीस, "नाई येत, पोरी." मला वाटलं तू टोमणा मारलास. मी फोन ठेवला. त्यानंतर तू कधी काही भरून पाठवलं नाहीस, आणि पुढच्या वर्षी तू नव्हतीसच.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "मग ती जेवायची कशी?"

त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं. "थंड. गरम अन्न वासाचं, म्हने, आपल्या कामाचं नाई. थंड भात घे, त्याच्यात अंबाडीचं आंबट पानी, आन कडक काई तरी. लाह्या, भाजलेला पापड. कानाले ऐकू आलं पाह्यजे, म्हने, आपुन जेवून राह्यलो ते." तू सगळ्यांच्या मागून, गार झालेलं जेवायचीस. मी त्यावर नववीत निबंध लिहिला होता, आईचा त्याग. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. तू फक्त तुला जे लागत होतं ते खात होतीस.

बाबांचं आणि तुझं दुखणं एक नव्हतं. तुझं नाक गेलं होतं, जीभ शाबूत होती. त्यांची जीभच उलटं सांगत होती. हे मला कळत होतं. पण आंबट त्यांना आंबटच लागत होतं, हे मी इतक्या दिवसांत तपासलंच नव्हतं, कारण मी त्यांना आवडीचं देत होते, लागेल असं देत नव्हते. सोमवारी मी भात शिजवला, झाकूनच परातीतल्या गार पाण्यात ठेवला, तासाच्या आत वाढला. अंबाडी उकळून तिचं पाणी, त्यात उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग बारीक चिरून. लाह्या कोरड्या कढईत गरम करून वरून. तक्ता मी भिंतीवरून काढून आत ठेवला आणि हाक मारली, "बाबा, जेवाले या."

त्यांनी पहिला घास घेतला. लाह्या वाजल्या. ते थांबले, पुन्हा चावले.

"कसं आहे?"

"काईच नाई," ते म्हणाले. "पन तोंडात आहे म्हनून समजते." आणि दुसरा घास घेतला. सोमवारी अर्धं ताट, मंगळवारी दोनदा अर्धं, बुधवारी पाऊण. मी मात्र वजन बघत होते. शेहेचाळीस. पंचेचाळीस पूर्णांक नऊ. पुन्हा तेच. घसरण थांबली होती, पण ती डॉक्टरांच्या शेहेचाळीसच्या शंभर ग्रॅम खाली थांबली होती. तू कशी जेवायचीस हे चार दिवस आधी विचारलं असतं तर ती वर थांबली असती, हा हिशेब मला येतो.

गुरुवारी सकाळी घरच्या काट्याने पुन्हा पंचेचाळीस पूर्णांक नऊ दाखवलं. नागपूरला जायला गाडी केली होती. वरोऱ्याच्या पुढे बाबांनी काच थोडी खाली करायला लावली आणि मास्कच्या वरून बाहेर बघत राहिले. हॉस्पिटलात नर्सने नाव पुकारलं. काट्यापाशी जाताना ते एकदा थांबले आणि माझ्याकडे वळून बघितलं. जाड सदरा होता, वर स्वेटर, सकाळी वाडगाभर पेज पोटात होती, आणि काटा वेगळा होता. फरक पडायला इतकी कारणं पुरतात. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. त्यांनी कठड्याला धरून पाय वर ठेवला. शेहेचाळीस पूर्णांक दोन. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी त्यांना आठवड्याचा सगळा आहार वाचून दाखवला, खरा होता तो. ते म्हणाले, चांगलं आहे, हेच चालू ठेवा, पुढच्या गुरुवारी बघू.

त्याला चार दिवस झाले. आज सकाळी घरच्या काट्यावर शेहेचाळीस पूर्णांक तीन आहे. आज मात्र कमर चाचपून मगच तोललं. दुपारी लाह्या चावता चावता बाबा म्हणाले, "आंबट जास्त झालं आज," आणि मी हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघत राहिले.

हे पत्र मी बाबांच्या आहाराच्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर लिहिलं आहे, ती पानं फाडणार नाही. तुला एकच गोष्ट सांगायची राहिली. त्या गुरुवारी, तोलायच्या आधी भांडं रिकामं आहे का ते मी बघितलं नाही. हात लांबवला असता तर पुरला असता. तुझा डबा तेव्हापासून फळीवर आहे, झाकण लावलेला, आणि आत मणी साठ आहेत की कमी, हे मी अजून मोजलेलं नाही.